खाऱ्या वाऱ्यातली जुनी स्कॉर्पिओ: आधी काय, मग काय

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर राहतो. पर्यटकांसाठी घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवतो. दिवाळीच्या तोंडावर चिपळूणच्या एका गृहस्थांकडून २०१५ ची डिझेल स्कॉर्पिओ घेतली. टू-व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअर, मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर. सर्व्हिसची पुस्तिका हरवली म्हणाले. आमच्या मेस्त्रींनी एक फेरी मारून ‘इंजिन मस्त आहे, ऑइल बदला आणि फिरवा’ असं सांगितलं. ब्रेक मारला की गाडी थोडी डावीकडे ओढते, सकाळी चालू करताना पट्टा किंचाळतो आणि एसी लावला की पुढच्या डाव्या सीटखालचं मॅट ओलं होतं. साठ हजार रुपये बाजूला ठेवलेत. त्यात खालून डांबरी कोटिंग, सीटकव्हर आणि मोठा स्क्रीन करावा असं मनात आहे. आठवड्यातून दोन-तीनदा धोपावे-दाभोळ फेरीबोटीने दापोलीकडे जाणं होतं, अधूनमधून आंबा घाटाने कोल्हापूरला. आधी काय करू?

उत्तर : सीटकव्हर आणि स्क्रीन पुढच्या वर्षावर टाका. डांबरी कोटिंग तर करूच नका, निदान वॉशिंग सेंटरवर तासाभरात मारून देतात तसं नको. त्याचं कारण खाली चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, भागात येईल. साठ हजार ही बरी रक्कम आहे; ती ब्रेक, टायर, तेलं-पाणी आणि गंज यांतच संपेल आणि तिथेच संपायला हवी.

मेस्त्रींचं म्हणणं खोटं नाही. २१७९ सीसीचं एमहॉक इंजिन दणकट आहे. त्याला टायमिंगचा पट्टा नसून चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचा मोठा खर्च नाही. थंड इंजिन चालू केल्यावर पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंदांहून जास्त वेळ खडखड आली, तरच चेन आणि तिला ताण देणारा टेन्शनर उघडून बघायचा. पण किनाऱ्यावरच्या गाडीचा घात सहसा इंजिन करत नाही. ती खालून सडते: ब्रेकचे पाइप, चासीचा मागचा भाग, हँडब्रेकची केबल, अर्थिंगच्या वायरी. एक फेरी मारून यातलं काहीच कळत नाही.

पुस्तिका नाही, तेव्हा ज्या कामाचा कागद नाही ते झालेलंच नाही असं धरून चाला. तरी एकदा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर आणि चासी नंबर देऊन जुन्या नोंदी विचारा. शेवटच्या नोंदीतले किलोमीटर आणि आजचं मीटर जुळतं का, हेही त्यात दिसेल.

पाण्यात गेली होती का?

गाडी चिपळूणची आहे म्हणून हे आधी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या आणि त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. विकणाऱ्यावर संशय घ्या असं नाही, पण तपासायला अर्धा तास पुरतो. सगळे सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. आतल्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहिलेली असते, कारण तो भाग कोणी धूत नाही. पुढच्या सीटचे रुळ आणि त्यांचे बोल्ट, डॅशबोर्डच्या खालच्या लोखंडी पट्ट्या, फ्यूजबॉक्सच्या मागचे कनेक्टर टॉर्च मारून बघा. पट्ट्यांवर सारखा तपकिरी गंज आणि कनेक्टरमध्ये हिरवी-पांढरी पूड एकत्र दिसली तर पाणी सीटपर्यंत आलं होतं असं समजा. गाडीला एअरबॅग असतील तर किल्ली फिरवल्यावर त्यांचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलेलं आहे.

पुराच्या खुणा मिळाल्या तरी गाडी भंगारात काढायची गरज नाही. मात्र व्हील बेअरिंग, स्टार्टर, अल्टरनेटर आणि मागच्या हाऊसिंगचं (मागच्या एक्सलवरच्या गिअरच्या पेटीचं) ऑइल ही कामं यादीत वर सरकतात.

ब्रेक: पाहुण्यांना बसवण्याआधी

डावीकडे ओढण्याची कारणं मुख्यतः दोन. एक तर डावा कॅलिपर (पॅडने डिस्क आवळणारा भाग) अडकून राहतो, नाहीतर उजवा पकडतच नाही आणि एकटा डावा काम करतो. ओळखायचं असं: सपाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर चालवा, थांबा, आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात धरा. डिस्कला हात लावू नका. डावं चाक तापलेलं असेल तर डावा अडकतोय. दोन्ही थंड असतील तर आता पाच-सहा वेळा चांगला ब्रेक लावून पुन्हा बघा. उजवं तेवढं तापलं नाही तर दोष उजवीकडे आहे.

खाऱ्या हवेत बहुतेक वेळा गुन्हेगार असतात कॅलिपरच्या सरकत्या पिना. त्या काढून बारीक पॉलिशपेपरने साफ करायच्या, खड्डे पडले असतील तर बदलायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं चासी ग्रीस लावलं तर पिनांवरची रबरं फुगतात आणि दोन महिन्यांत पिन पुन्हा जाम. पिस्टनचं रबरी बूट फाटलेलं असेल तर कॅलिपरचं रबर किटही बदला. पॅड ३ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एका बाजूचे कधीच नाही. डिस्कच्या किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, तो मोजून बघायला सांगा.

मागे ड्रम आहेत. उघडल्यावर लायनरच्या जाडीइतकंच व्हील सिलेंडरकडे लक्ष द्या: रबर टोपी बोटाने उचला, आत ओल दिसली तर सिलेंडर बदलायचा. हँडब्रेकची केबल ओढून सोडल्यावर झटकन मागे आली पाहिजे. ती रेंगाळली तर आतली तार गंजली आहे, तेल सोडून ती सुधारत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे, आणि सर्वांत कमी पाहिले जाणारे, म्हणजे चासीच्या कडेने मागे जाणारे लोखंडी ब्रेक पाइप. क्लिपांच्या खाली आणि मागच्या एक्सलच्या वर ते आधी सडतात, कारण माती आणि मीठ तिथेच अडकतं. नखाने खरवडल्यावर वरवरची तांबूस पूड आली तर चालेल. पापुद्रे सुटले किंवा खड्डे लागले तर पाइप नवा घाला. घाटात उतरताना हा पाइप फुटला तर पेडल निम्म्यापेक्षा खाली जातं, तेही सगळ्यात नको त्या वेळी. चाकांकडे जाणारे रबरी होज दहा वर्षांचे आहेत. ते वाकवून भेगा बघत बसू नका, सरळ बदला.

त्यानंतरच ब्रेक ऑइल. डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आंबा घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की आत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं ते यामुळे. सीलबंद एक लिटरचा डबा घ्या, अर्धा वापरून ठेवलेला नको. एअर काढायचे निपल आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि रिंग पान्यानेच सोडवा. उघड्या पान्याने कोपरे गोल होतात आणि निपल आतच तुटतो. मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यायचं, आणि वरचा डबा एकदाही रिकामा होऊ द्यायचा नाही. दर दोन वर्षांनी हे काम परत. उतरतानाची सवयही बदला: घाट चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

टायरचं थोडक्यात. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही दिसली तरी रबर कडक झालेलं आहे. नक्षीच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी आपल्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ओल्या डांबरावर तरंगतो. स्टेपनीची तारीखही बघा, ती अनेकदा गाडीच्याच वयाची निघते.

चासी आणि गंज

मीठ एकदा पत्र्यावर बसलं की पाऊस नसतानाही काम करतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं, आणि आपल्याकडे रात्री तेवढी आर्द्रता वर्षातले कित्येक महिने असते. म्हणून खळ्यात पत्र्याखाली उभी असलेली गाडीही गंजते. त्यात तुमची फेरीबोट. भरतीच्या वेळी रॅम्पवर चढता-उतरता चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, ते पाणी चासीच्या पोकळीत शिरतं आणि आतल्या लाल मातीत मुरून बसतं. वाळूवर गाडी नेत असाल तर ते आजपासून बंद करा. पाहुण्यांनी फोटोसाठी कितीही हट्ट केला तरी.

आता गाडी उचलून बघायची. गॅरेजचा रॅम्प सर्वांत बरा. घरी करायचं तर पक्क्या जमिनीवर लोखंडी स्टँड लावून. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही आणि जांभ्याच्या चिऱ्यावर तर गाडी मुळीच टेकवायची नाही. चिरा एकाजागी दाब आला की न सांगता फुटतो.

छोटी हातोडी आणि जुना पेचकस घ्या. हातोडीने चासी वाजवत पुढून मागे जा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत, भदभद आवाज आला तर आत मातीचा थर आहे किंवा पत्रा पातळ झालाय. तिथे पेचकस टोचून बघा. मुख्य जागा अशा: मागच्या एक्सलच्या पाठचा भाग, स्प्रिंगच्या वाट्या, बॉडी जिथे चासीवर बसते त्या रबरांच्या भोवतीचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, दरवाज्यांच्या तळाची भोकं आणि बोनेटखाली बॅटरीचा ट्रे. खाली लटकणाऱ्या स्टेपनीची साखळी एकदा पूर्ण खाली सोडून वर घ्या. ती जाम असेल तर ते आजच कळलेलं बरं, भर पावसात निवळीच्या फाट्यावर नको. मागच्या मालकाने गाडीतून मासळीच्या पेट्या नेल्या असतील तर मागच्या सीटखालचं मॅट उचलून बघा. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी वरून पत्रा खातं आणि खालून काही दिसत नाही.

पत्रा आरपार गेला असेल तर तिथे लांबी (पुट्टी) किंवा फायबर भरून रंग मारणाऱ्याकडे जाऊ नका. कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटचा कनेक्टर सोडवा. घासताना चासीवर कोरलेल्या नंबरला धक्का लावू देऊ नका. तो पुसट झाला तर आरटीओत जी पायपीट होईल ती गंजापेक्षा महाग पडेल.

वरवरचा गंज असेल, जो बहुधा असेल, तर ही वेळ अगदी योग्य आहे. पाऊस संपलाय, पुढचे काही महिने कोरडे आहेत. आधी गोड्या पाण्याने खालून धुलाई, आणि चासीला जागोजागी जी भोकं असतात त्यांतून आतही पाइप घालून माती वाहून जाईपर्यंत. चहाला चालतं त्या विहिरीचं पाणी घ्या. उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचं नको. मग दोन दिवस उन्हात. मग सुटे पापुद्रे वायरब्रशने काढायचे. चकाकी येईपर्यंत घासत बसायची गरज नाही. त्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावा, ते गंजाचा काळा घट्ट थर बनवतं. चोवीस तास वाळू द्या, मग झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर, मग चासी पेंटचे दोन हात. शेवटी पोकळीच्या आत मेणाचा स्प्रे, लांब नळी लावून. हा मेणाचा थर घट्ट होत नाही, ओरखडा पडला तरी सरकून भरतो, आणि चासी बाहेरून कमी, आतून जास्त सडते म्हणून हाच थर सगळ्यात कामाचा.

आता डांबरी कोटिंगबद्दल. नव्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर ते ठीक आहे. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलं की वर्षभरात ते कडक होऊन तडकतं, तडीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून काळंभोर दिसतं, आत पत्रा भुसभुशीत. दहा वर्षांच्या गाडीवर कोणी असं कोटिंग आधीच मारलेलं असेल तर ते जिथे फुगलंय तिथे पेचकसाने उचकटून बघाच. गावाकडे जळकं ऑइल खालून फवारायची पद्धत आहे, तेही नको. ते सस्पेन्शनच्या बुशांचं रबर फुगवतं, खळ्यात ठिबकतं आणि धूळ धरून ठेवतं.

काहीही मारताना डिस्क, ड्रम, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, रबरी बुश आणि दरवाज्यांची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. ही भोकं बुजवली की दरवाजा आतून हौद होतो.

फेरीबोटीने आलात त्या रात्रीच चाकं आणि खालचा भाग गोड्या पाण्याच्या पाइपाने दहा मिनिटं धुवा. प्रेशर गन बेअरिंग, अल्टरनेटर आणि कनेक्टरवर रोखू नका. रोज नको, पण आलेल्या दिवशी टाळू नका.

तेलं आणि पाणी

इंजिन ऑइल दहा मिनिटं गाडी चालवून गरम असताना सोडा, ड्रेन बोल्टचं वॉशर नवं घाला, फिल्टर सोबतच बदला. ऑइलचा ग्रेड आणि प्रमाण मॅन्युअलमध्ये आहे त्याप्रमाणे. भरताना त्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी घाला, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघून पुरं करा. जास्त झालेलं ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट. डिझेलमध्ये नवं ऑइल पन्नास किलोमीटरात काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फ्लशिंगचं औषध घालू नका. जुन्या इंजिनातला गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाची जाळी बुजवतो. त्याऐवजी हे ऑइल अडीच-तीन हजार किलोमीटरलाच पुन्हा बदला, मग नेहमीच्या अंतरावर या.

डिझेल फिल्टर बदलाच, आणि जुन्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून बघा. तळाशी पाण्याचा थर दिसला तर टाकीतही पाणी आहे. दमट हवेत अर्धी टाकी ठेवून गाडी उभी राहिली की टाकीच्या भिंतींवर ओल धरते आणि ती खाली साचते. जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल पंपाला आणि इंजेक्टरला हेच मारक. पावसाळ्यात टाकी पाऊणपेक्षा खाली जाऊ देऊ नका आणि फिल्टरखालचा पाण्याचा नळ मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सोडत जा. एअर फिल्टर झटकून परत बसवू नका. जांभ्याची लाल धूळ फार बारीक असते, झटकल्याने ती कागदात आणखी आत जाते.

कूलंटची परिस्थिती तुमच्याकडे बहुधा वाईट असेल, कारण वाटेत कुणीतरी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घातलेलं असतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या खातात. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर रिकामा करा, डिस्टिल्ड वॉटर भरा, गाडीच्या हीटरची कळ पूर्ण गरमकडे ठेवून पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, थंड करा, सोडा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच; तीन-चार वेळा करावं लागतं. शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा: इंजिनाच्या आत थोडं पाणी अडकून राहतंच. म्हणून तयार पातळ कूलंट न भरता, मॅन्युअलमधल्या एकूण प्रमाणाच्या निम्मं घट्ट कूलंट आधी ओता आणि वर डिस्टिल्ड वॉटर घालून पूर्ण करा, म्हणजे निम्म्याला निम्मं हे प्रमाण खरोखर येतं. रंगावरून कूलंट निवडू नका, रंगाला ठरलेला अर्थ नाही. मॅन्युअलमधला दर्जा बघा. रेडिएटरचं झाकण नवं घ्या. होज दाबून बघा: मऊ-फुगीर किंवा कडक-कुरकुरीत, दोन्ही बाद.

गिअरबॉक्स आणि मागच्या हाऊसिंगचं ऑइल बदलताना नेहमी आधी भरायचा बोल्ट सोडवा, मगच खालचा. ऑइल सोडून झाल्यावर वरचा बोल्ट गंजून निघत नाही हे कळलं तर गाडी तिथेच राहते. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. हाऊसिंगच्या वरचा हवेचा ब्रीदर मातीने बुजला की गरम हाऊसिंग पाण्यात गेल्यावर सीलमधून पाणी आत ओढतं. ब्रीदर मोकळा करा. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तर हाऊसिंगसाठीचं जीएल-५ त्यात घालू नका, त्यातली गंधकाची रसायनं गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देऊ शकतात. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या सांध्याला) ग्रीसचे निपल असतील तर जुनं ग्रीस चारी टोकांतून बाहेर येईपर्यंत नवं भरा. गाडी हलताना खालून ‘टक्’ येत असेल तर क्रॉसच बदला.

पुढचे लोअर आर्म बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि शॉक ॲब्झॉर्बर एकदा हलवून तपासायला सांगा. खराब असतील ते बदलून मगच व्हील अलाइनमेंट करा. आधी अलाइनमेंट म्हणजे पैसे वाया.

पट्टा, मॅट आणि उंदीर

सकाळी किंचाळणारा पट्टा टायमिंगचा नव्हे, अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा आहे; तो दहा वर्षांचा असेल तर निदान करत बसू नका. पट्टा, टेन्शनर आणि आयडलर पुली एकत्र बदला. पट्ट्यावर मारायचा चिकट स्प्रे दोन दिवस आवाज दाबतो आणि धूळ चिकटवतो. हा पट्टा तुटला की चार्जिंग आणि पॉवर स्टिअरिंग एकदम जातं. घाटात वळणावर स्टिअरिंग अचानक जड झालं तर काय होतं याची कल्पना करा. पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही काळं झालं असेल तर डब्यातून सिरिंजने काढून नवं भरायचं, थोडी गाडी फिरवायची, असं तीन-चार वेळा. ग्रेड डब्याच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये.

ओल्या मॅटचं कारण बहुतेक एसीच्या पाण्याची बुजलेली नळी. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, किंवा आंब्या-फणसाचा पाचोळा आत जातो. खालून मऊ नळीने हळू हवा मारा. कडक तार खुपसू नका, आतला कूलिंग कॉइल फुटेल. पण आधी ते पाणी बोटाला लावून बघा. चिकट आणि गोडसर वासाचं असेल, आतून काचेवर तेलकट धुकं बसत असेल, तर ते एसीचं नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे आणि ते काम मोठं आहे. कुठलंही असो, मॅट आणि त्याखालचा स्पंज उचलून उन्हात वाळवा, खालचा पत्रा कोरडा झाल्याशिवाय परत टाकू नका.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवी. इंजिनापासून चासीला आणि बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या काढून घासा, बसवल्यावर वरून व्हॅसलीन लावा. दिवे मंद, स्टार्टर सुस्त, सेन्सरचे भलतेच दोष, यांतले निम्मे तिथेच सुटतात. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून साठलेले दोष वाचायचे ते यानंतर, आधी नाही.

सुक्या मासळीची पिशवी गाडीत रात्रभर राहू देऊ नका. वासाने उंदीर येतात आणि मासळी नाही मिळाली तर वायरी खातात. बोनेटखाली खालच्या मोकळ्या जागांना लोखंडी जाळी लावली की बराच फरक पडतो. डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका. एअर फिल्टरचा डबा आणि केबिन फिल्टरची जागा दर महिन्याला उघडून बघा, घरटं तिथेच होतं.

पैसे कमी पडले तर क्रम असा धरा. या आठवड्यात ब्रेक, ब्रेक पाइप आणि टायरची तारीख. ते होईपर्यंत पाहुणे आणि घाट दोन्ही बंद. या महिन्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि पट्टा. जानेवारी-फेब्रुवारीत, हवा सर्वांत कोरडी असताना, चासीची धुलाई आणि रंग. गिअरबॉक्स, हाऊसिंग, सस्पेन्शन मार्च-एप्रिलपर्यंत चालेल. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत वायपर, दरवाज्यांची रबरं आणि बोनेटच्या कडेला साचलेला पाचोळा. ऐन पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात.

चाकं काढली-घातली की ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा टॉर्क पान्याने पुन्हा बघून घ्या.

कागदांबद्दल विचारलं नाहीत, पण फॉर्म २९ आणि ३० देऊन गाडी तुमच्या नावावर झाली नसेल तर रत्नागिरी आरटीओकडे तो अर्ज लगेच करा. घेणाऱ्याला त्यासाठी व्यवहारापासून तीस दिवस मिळतात. विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचं असतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुमच्याकडे येत नाही, त्यामुळे हप्त्याचा फरक भरावा लागेल. गाडी २०१९ पूर्वीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागलेली आहे का आणि जुनी ई-चलनं बाकी आहेत का तेही बघा. जुना फास्टॅग बंद करून तुमच्या नावाचा घ्या. आणि पाहुण्यांकडून प्रवासाचे पैसे घेत असाल तर ती गाडी खासगी नोंदणीवर चालत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.